पहिली उचल

“चौदाव्या नंबराला भारी कोण, ह्याच्यावर भांडायचं असतंय होय? चौदावा म्हणजे उरलेला.”

उदय चौगुले असं म्हणाला आणि कट्ट्यावरची सगळी हसली. मी सोडून. मागल्या वर्षीचा चौदावा मीच होतो.

मी म्हटलं, “उरलेला कोण ते मैदानावर कळतंय.”

“कळलंय की. म्हणून तर चौदावा.”

तीन वर्षं झाली ह्याला. मे महिना, शनिवारची संध्याकाळ, कोल्हापुरात आमच्या तालमीचा कट्टा. मी सोळा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी उचल होती.

उचल म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तालीम कुस्तीची, पण पेठेत आता कुस्ती नावाला आणि फुटबॉल जीवाला. मे महिन्यात एका रविवारी आम्हा पोरांची आपापसात मॅच होते. दोन कप्तान, चौदा पोरं. चौदा जणांनी आपापले बूट आखाड्याच्या दगडी काठावर ओळीनं मांडायचे आणि दाराबाहेर जाऊन पाठ करून उभं राहायचं. कप्तानांनी आळीपाळीनं एकेक जोड उचलायचा. जोड उचलला की वस्ताद विचारतात, “कुणाचं?” बाहेरनं जो “माझं” म्हणेल तो आत यायचा, त्या कप्तानाचा झाला. उचललेलं बूट परत खाली ठेवायचं नाही. आणि बाहेरनं आवाजच आला नाही तर ती उचल फुकट.

पूर्वी म्हणे कप्तान आपले भाचे-पुतणेच घ्यायचे, त्यावरनं एकदा डोकी फुटली, तेव्हा वस्तादांनी हा नियम काढला. पाय घ्यायचा, माणूस घ्यायचा नाही. तसं कुणाचे बूट कुठले हे सगळ्यांना पाठ असतंय. पण नियम तो नियम.

पहिल्या चार उचलींत जे जातील त्यांचं नाव तालमीच्या मोठ्या टीममध्ये लागायचं. बाकीच्यांनी पुढच्या मे महिन्याची वाट बघायची.

वस्तादांच्या वहीत तीस वर्षांचे नंबर लिहिलेले आहेत. त्यामुळं उचलीच्या आदल्या दिवशी कट्ट्यावर एकच विषय. आजपर्यंत कुठल्या नंबराला सगळ्यात भारी कोण गेलं?

त्या दिवशी पण पहिल्यापासनंच पेटलेलं. उदय एक कप्तान होता, किरण साळोखे दुसरा. दोघंही मोठ्या टीमचे, आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे.

उदय म्हणाला, “पहिल्याला वसूअण्णा कुरणे. विषय संपला.”

किरणदादा म्हणाला, “वसूअण्णा एका पायाचा माणूस. उजवा पाय नुसता उभं राहायला होता.”

“त्या एका पायानं कॉर्नरवरनं डायरेक्ट गोल मारलाय त्यानं.”

“वारं होतं त्या दिवशी. वाऱ्याचं नाव लिही की मग वहीत.”

“तुझ्या मनात कोण हाय?”

“माझं म्हणणं, पहिल्या नंबरावर बोलायचंच नाही. दुसरा बघ. पहिला घेणारा लोकांना दाखवायला घेतोय, दुसरा घेणारा जिंकायला घेतोय. गेल्या दहा वर्षांतले सगळे दुसरे काढ, सगळे पहिले काढ, लाव मॅच.”

असं एकेक नंबर करत वर चाललेलं. सातवा म्हणजे गोलकीपरचा. त्याच्या आधी गोलकीपर उचलायला कप्तानाला लाज वाटते आणि त्याच्यानंतर भीती वाटते. दहाव्याला कुणाला एक नाव सांगता येईना. तीस वर्षांत दहाव्या नंबरानं काही केलंय असं कुणाच्या बापाला आठवत नव्हतं. मग चौदावा आला. मी दिनकर सुतारचं नाव घेतलं. माझ्या जन्माच्या आधीचा माणूस. चौदावा गेलेला आणि फायनलला तीन पेनल्टी अडवल्या होत्या. त्यावर उदयनं ते उरलेल्याचं काढलं.

एवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. पण तो पुढं म्हणाला, “हर्ष्या, तू एक काम कर. मांडूच नको उद्या बूट. आमचं शिवून दे, तेवढं बास.”

हर्षद सातपुते माझं नाव. नववीत पीटीच्या सरांच्या अंगावर गेलो आणि शाळा सुटली. तेव्हापासनं मामाच्या दुकानात होतो. आमचं चपलांचं काम, सुभाषनगरात. तालमीतल्या निम्म्या बुटांना माझा टाका होता. उदयच्या पण. ते काम मला कमीपणाचं कधी वाटलं नाही. पण मागल्या वर्षी झालेलं डोक्यात होतं. चौदावा जोड कप्तान हातानं उचलत नाही. एकच तर उरलेला असतो, वाकायचा कंटाळा. पायानं सरकवतो. मागल्या वर्षी माझे बूट उदयनं पायानं सरकवले होते आणि सरकवताना म्हणाला होता, “चांभाराचंच बूट फाटकं.” आतली सगळी हसलेली मी बाहेरनं ऐकली होती. आणि तरी “माझं” म्हणून आत गेलो होतो.

मी कट्ट्यावरनं उठलो तो थेट त्याच्या गळ्यालाच. मागनं जमीरनं कमरेला मिठी मारली म्हणून, नाहीतर उदयचा दात गेला असता किंवा माझा.

“चल, माझं बूट शिवायचं हाय तुला,” जमीर कानात म्हणाला. “हात मोडून घेतलास तर कोण शिवणार मर्दा?”

जमीर बागवान. माझ्याच वयाचा, पहिलीपासनं एका बाकावरचा. त्या वर्षी आमच्या वयाच्या पोरांत त्याच्याएवढं खेळणारं कुणी नव्हतं. बॉल कुत्र्यासारखा त्याच्या पायामागं यायचा. त्याचे निळे बूट सगळी पेठ ओळखायची, टाचेवर पांढरा पट्टा होता. पहिली उचल उदयची होती आणि तो निळा जोड उचलणार हे लहान पोरांना पण ठाऊक होतं. प्रॅक्टिसला त्याच संध्याकाळी उजव्या बुटाचा तळ पुढनं सुटला होता.

दुकानात मामा नव्हता. मी आरी घेतली, मेण लावून दोरा घेतला. जमीर समोर पाटावर बसला.

“उद्या मला उशीर हुईल,” तो म्हणाला. “पहाटे मार्केट यार्डात आमच्या गाळ्यावर रत्नागिरीचा आंबा यायचाय. सौदा झाला की अब्बा सोडतो म्हणालाय. तू माझं बूट मांड. मी यायच्या आधी नंबर लागला तर तू आवाज दे. जमीरचं म्हण. वस्ताद चालवून घेतील.”

“चालतंय की.”

“हर्ष्या, अब्बाशी बोललो मी. पहिल्या चारात आलास तर एक वर्ष खेळ म्हणालाय. न्हाई आलास तर सोमवारपासनं गाळ्यावर बस, परत बॉलचं नाव काढायचं न्हाई.”

“तू पहिलाच जाणार आहेस. कशाला बोलालायस?”

“तसं न्हवं. शब्द दिलाय त्यानं. मला तेवढंच पायजे होतं.” मग थोडा वेळ माझ्या हाताकडं बघत बसला. “टाका जरा आत घे. बॉलला लागतोय बाहेरनं.”

मी आत घेतला. दुहेरी टाका मारला. त्या बुटाला जेवढं केलं तेवढं मी कुठल्याच बुटाला केलं नव्हतं, हे खरं सांगतो.

रविवारी सकाळी सातला तालमीत गेलो. दोन जोड मांडले. निळा तिसऱ्या जागी, माझा तपकिरी शेवटाला. बाहेर येऊन पाठ करून उभा राहिलो. जमीर आला नव्हता. तेरा पोरं भिंतीकडं तोंड करून. आत वस्तादांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग उदयचा.

“ह्यात काय विचार करायचाय?” तो म्हणाला आणि हसला.

“कुणाचं?” वस्तादांनी विचारलं.

मला काय आठवलं सांगू? मागल्या वर्षीचं हसणं. भिंतीला तोंड करून मी तेच ऐकत होतो. आणि मनात आलं, आत्ता तो जोड त्याच्या हातात आहे. हातात. वाकून उचललाय.

“माझं,” मी म्हणालो.

शेजारच्या पोरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी आत गेलो.

उदयचं तोंड बघण्यासारखं झालेलं. “ए, हे जमीरचं हाय.”

“माझं हाय,” मी म्हटलं. “आवाज माझा आलाय.”

“वस्ताद, हे बूट आंधळा पण सांगेल कुणाचं ते.”

वस्तादांनी चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “उचललं तू. आवाज ह्याचा आला. खाली ठेवायचं न्हाई. किरण, चल.” आणि वहीत लिहिलं.

मी ते बूट उदयच्या हातातनं घेतले. घातले. एक नंबर मोठे होते, बोटांपुढं जागा राहिली.

माझ्या डोक्यात असं होतं की आता जमीर येईल. पाच मिनिटांत येईल. माझे तपकिरी बूट तिथं आहेत, किरणदादा काही मूर्ख नाही, तो ओळखेल की आता ते जमीरचे झाले. दुसरा नंबर लागेल जमीरचा. चारच्या आत. उदयचं नाक कापलं जाईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. एवढाच विचार केला होता. तो पण “माझं” म्हणून झाल्यावर.

किरणदादानं खरंच ओळखलं. तपकिरी जोडापाशी जाऊन उभा राहिला, वाकला पण. मग दाराबाहेर बघितलं. “जमीर आलाय काय रे?”

“न्हाई,” बाहेरनं कुणीतरी म्हणालं.

आवाज आला नाही तर उचल फुकट. किरणदादा उभा राहिला, सरकला आणि दुसराच जोड उचलला.

दोन झाले. मी उदयच्या मागं उभा होतो, तिथनं दारातनं रस्ता दिसतो. रस्त्यावर दुधाची गाडी उभी होती आणि एक म्हातारी पायरी झाडत होती. जमीरचा पत्ता नव्हता.

उदयनं तिसरा जोड उचलला. कुणाचं, माझं. एक पोरगा आत आला.

आता चौथा. उचल किरणदादाची. तो परत तपकिरी जोडाकडं गेला. मला एवढंच म्हणायचं होतं, वस्ताद, चुकलं, हे निळे जमीरचे, मला बाहेर काढा. जमीरचा आवाज मी द्यायचा हे त्यानं मला सांगितलेलं. मीच द्यायचा होता. पण म्हणालो असतो तर माझं काय झालं असतं ते मला दिसत होतं. उदय, त्याचं हसणं, आणि परत शेवटाला जाऊन उभं राहणं. मोठ्या टीमची जर्सी पण मला दिसत होती. खोटं कशाला बोलू? ती जास्त दिसत होती.

किरणदादानं माझ्याकडं बघितलं. “येणार हाय काय तो?” हळू विचारलं.

मी नुसते खांदे उडवले.

त्यानं चौथा जोड दुसराच उचलला.

जमीर आला तेव्हा नऊ जोड उचलून झाले होते. पळत आला, शर्टाला आंब्याच्या पेटीतलं गवत चिकटलेलं. दारातच उदयनं त्याला धरलं.

“वस्ताद, आता ह्यालाच विचारा. ह्या हर्ष्याच्या पायात कुणाचं बूट हाय ते.”

वस्ताद म्हणाले, “जमीर, कुणाचं?”

जमीरनं माझ्या पायांकडं बघितलं. मग ओळीत काय उरलंय ते बघितलं. पाच जोड. मोजायला त्याला वेळ लागला नाही, चौदातले नऊ गेले. माझ्या तोंडाकडं त्यानं शेवटी बघितलं. मी मान वळवली नाही, तेवढं केलं.

“हर्ष्याचं,” तो म्हणाला. “मी दिलं त्याला काल.”

“आणि तुझं?”

“ते तपकिरी.”

मग तो बाहेर गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नियमच आहे तो. किरणदादानं लगेच तपकिरी जोड उचलला. वस्तादांनी विचारलं, “कुणाचं?” आणि बाहेरनं जमीरचा आवाज आला, “माझं.” वस्तादांनी दहावा नंबर लिहिला.

मॅच नऊला सुरू झाली. माझे बूट जमीरला बसत नव्हते. दहा मिनिटं बोटं मुडपून पळाला, मग लाइनीच्या बाहेर जाऊन काढले, जोडीनं नीट ठेवले आणि अनवाणी आला. मे महिन्याची जमीन, वर खडी. पोरं स्टड घालून त्याच्या पायावर यायची. त्यानं तीन गोल मारले. दुसरा माझ्याच बाजूनं मारला. मी आडवा गेलो, त्यानं बॉल माझ्या दोन पायांतनं काढला आणि पुढं गेला. माझ्याकडं बघितलं पण नाही. त्या सकाळी मैदानावर मी जे बघितलं तसं मोठ्या टीमच्या मॅचला पण नंतर बघितलं नाही.

आम्ही तीन-एक हरलो. संपल्यावर तो माझे बूट घेऊन माझ्यापाशी आला. “तुझं,” म्हणाला. मी खाली बसून त्याचे काढले आणि दिले. त्याच्या अंगठ्याचं नख निघालेलं, रक्त मातीनं बंद झालं होतं. त्यानं उजवा बूट उलटा करून बघितला, तळावरनं बोट फिरवलं.

“टाका चांगला बसलाय,” म्हणाला आणि गेला.

सोमवारपासनं तो गाळ्यावर बसला. मी मोठ्या टीममध्ये गेलो. पहिलं वर्ष बाकावर, मग खेळायला लागलो. गेल्या सीझनला लेफ्ट विंगला नऊ गोल मारले, पेपरात नाव आलं. तीन वर्षांत मी मार्केट यार्डात एकदा पण गेलो नाही. मामाला आंबे पाहिजे असले तर लक्ष्मीपुरीतनं आणायचो.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे वस्तादांचा हात आता थरथरतो, वही पण फाटत चाललीय. त्यांच्या मनात आलं, तालमीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं नावं लिहून घ्यायची. एक ते चौदा, प्रत्येक नंबराला आजपर्यंतचा सगळ्यात भारी. काल संध्याकाळी त्यासाठी कट्टा भरला. दुसरा ठरला, सातवा ठरला, चौदाव्याला दिनकर सुतार ठरला. दहाव्याला तर भांडणच झालं नाही. सगळी एका तोंडानं म्हणाली, जमीर बागवान, अनवाणी, तीन गोल. एकाच मॅचवर त्याचं नाव लागलं.

पहिल्यावर अडलं. किरणदादा कधी नव्हे ते वसूअण्णाच्या बाजूनं. आणि उदय उठून म्हणाला, “वसूअण्णा जुना झाला. पहिला हर्षद. सगळ्यांनी नावं ठेवली तेव्हा मी उचललाय ह्याला. पारखायला नजर लागते.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याचा आता त्यावर खरंच विश्वास बसलाय. मला ते त्याच्या तोंडावर दिसलं. हात झटकावा इतका राग आला, पण तो राग त्याच्यावरचा नव्हता.

मी म्हटलं, “तू जमीरला उचलला होतास. बूट त्याचं होतं. आवाज मी खोटा दिला.”

किरणदादानं तोंडातली सुपारी थुंकली. उदय म्हणाला, “जाऊ दे की लेका, झालं ते झालं.”

“झालं न्हाई,” मी म्हटलं. “पहिला जमीर. दहावा मी. दहाव्याला माझं नाव लावायची लायकी न्हाई, ती जागा मोकळी ठेवा.”

वस्ताद मघापासनं वही मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, “मला त्या दिवशीच कळलं होतं. बूट मला पण ओळखू येतात.” मग वही मिटली. “पण मी बूट लिहीत न्हाई, आवाज लिहितो. तुझा आला, मागनं त्याचा पण तोच आला. तुझ्या एकट्याच्या म्हणण्यावर बदलायचं न्हाई. त्याला आण. दारात उभा राहू दे आणि म्हणू दे.”

“तो येणार न्हाई, वस्ताद.”

“विचारलंस?”

मी नकाराची मान हलवली.

“उद्या दुपारपर्यंत पेंटर हाय,” ते म्हणाले. “एक आणि दहा शेवटाला लिहायला सांगतो.”

पेंटर सकाळीच आलाय. मघाशी डोकावलो तर सहाव्यापर्यंत पोचला होता, पहिल्याची जागा सोडून. काय म्हणायचं जमीरला, ते रात्रभर जुळवत होतो, एक वाक्य धड होईना. तो गिऱ्हाइकात असेल, अब्बा शेजारी असेल. कदाचित तोंडाकडं बघणार पण नाही. ते पण बरोबरच आहे.

अकरा वाजत आले. सौदे संपले की तो गाळा बंद करून घरी जातो, घरी गेलो तर त्याची आई आत बोलवेल आणि मग मला बोलता यायचं नाही. मला आता निघायला पाहिजे.